आरएक्स-८ : रिमॅन इंजिन घ्यावं की आपलंच खोलून बांधून घ्यावं?

रोटरीवेडा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय कारण निर्णय घ्यायची वेळ आलीये आणि रोज रात्री एक ठरवतो आणि सकाळी दुसरंच वाटतं.

माझ्याकडे माझदा आरएक्स-८ आहे, रोटरी इंजिनवाली (पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतात), २००५ ची, सहा गिअरची मॅन्युअल, म्हणजे ९००० आरपीएम रेडलाइनवाली. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. थंड असताना पहिल्या सेल्फला चालू होते, काही तक्रार नाही, पण गरम करून बंद केली की परत चालू व्हायला दहा-बारा सेकंद सेल्फ मारावा लागतो. मागच्या महिन्यात तर पेट्रोल भरायला थांबलो आणि चालूच होईना, वीस मिनिटं बोनेट उघडून उभा राहिलो तेव्हा कुठे उठली. पिकअप पण आधीसारखा राहिलेला नाही, चढावर कळतं.

रोटरीचा वेगळा टेस्टर असलेल्या एकाकडे कॉम्प्रेशन (इंजिनात हवा किती दाबली जाते ते) बघून घेतलं. २५० आरपीएमला धरून आलेले आकडे (किलो प्रति चौरस सेंमी) असे : पुढचा रोटर ६.५, ६.३, ६.४ आणि मागचा रोटर ६.२, ४.७, ४.९. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये नव्या इंजिनाला ८.५ आणि कमीत कमी ६.९ असं दिलंय, म्हणजे दोन्ही रोटर नापास.

आता दोन रस्ते आहेत. एक, रिमॅन म्हणजे रिमॅन्युफॅक्चर्ड इंजिन, जुनं खोलून परत बांधलेलं, पेटीत बंद येणार, १२ महिन्यांची वॉरंटी, माझं जुनं इंजिन त्यांना परत द्यायचं. दुसरा, एक बिल्डर आहे जो फक्त रोटरीच करतो, तो म्हणतो तुझंच इंजिन खोलतो, हवं तसं बांधून देतो, सहा ते आठ आठवडे लागतील. हा रस्ता महाग पडतोय, आणि किती महाग ते इंजिन खोलल्याशिवाय कळणार नाही म्हणतो, त्याचीच धास्ती आहे. वर तो पोर्टिंग (हवा-धुराची तोंडं घासून मोठी करणं) पण करून देऊ का विचारत होता.

गाडी विकणार नाही, ते पक्कं. ज्यांनी हे केलंय त्यांनी जरा मनापासून सांगा.

तेल_आणि_ग्रीस

मी रिमॅन घेतलं होतं, आणि ते टिकलं नाही. पण आधीच सांगतो, दोष त्या इंजिनाचा नव्हता, माझा होता, आणि तेच तुझ्या बाबतीत होऊ नये म्हणून एवढं लिहितोय.

झालं असं की जुनं इंजिन गेलं, मी घाईघाईत रिमॅन मागवलं आणि बसवून टाकलं. पण पहिलं इंजिन का गेलं हे बघितलंच नाही. प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइल जुन्याच ठेवल्या, प्लगच्या वायरी जुन्याच, कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) पण तोच. काही महिने गाडी नव्यासारखी पळाली, मग हळूहळू ओढ कमी झाली, आणि एका रात्री हायवेवरून उतरल्यावर खाली वाकून बघितलं तर कॅट लालभडक दिसत होता. कॉइल कमजोर झाली की पेट्रोल पूर्ण जळत नाही, ते तसंच कॅटमध्ये जाऊन तिथे जळतं, आतली जाळी वितळते, धूर बाहेर पडायची वाट तुंबते आणि सगळी उष्णता उलटी इंजिनात. रेनेसिसमध्ये, म्हणजे आरएक्स-८ च्या इंजिनात, एक्झॉस्टची तोंडं साइड हाउसिंगमध्येच (रोटरच्या दोन्ही अंगांच्या सपाट भिंतींत) आहेत, त्यामुळे तो ताप थेट साइड सीलवर (रोटरच्या अंगाच्या पट्ट्यांवर) बसतो. कॉम्प्रेशन बघितलं तर पुन्हा पडलेलं. वॉरंटीवाल्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला की कॉइल कधी बदलल्या, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या वेळी परत रिमॅनच घेतलं. या वेळी चारही कॉइल, वायरी, प्लग, कॅट, थर्मोस्टॅट, सगळं आधी बदललं, बिलं जपून ठेवली, मगच इंजिन बसवलं. ते आजही चालतंय. म्हणून माझं मत रिमॅनच्या बाजूने आहे, पण तू काहीही निवड, या खर्चाचा हिशोब आधी बाजूला काढून ठेव, नाहीतर आगीतून फुफाट्यात.

मोजपट्टी

मी स्वतः रोटरी इंजिनं बांधतो, गिऱ्हाइकांची कमी आणि मित्रांची जास्त, पण बरीच वर्षं. तेव्हा माझा कल कुठे असणार हे उघड आहे, तरी दोन्ही बाजू सांगायचा प्रयत्न करतो.

आधी तुझे आकडे वाचू, कारण त्यात अर्धं उत्तर आहे. रोटरला तीन बाजू, म्हणून तीन आकडे. दोन बाजूंच्या मधे, टोकावर, एक एपेक्स सील असतं, ते गळायला लागलं की त्याच्या दोन्हीकडच्या बाजू पडतात. एकच आकडा पडला असता तर मी साइड सील अडकलंय म्हटलं असतं. तुझ्या मागच्या रोटरचे दोन शेजारी आकडे पडलेत, ४.७ आणि ४.९, आणि तिसरा ६.२, म्हणजे त्या दोघांमधलं एक एपेक्स सील गेलंय असा माझा अंदाज. तुटलेलं नसावं, तुटलं असतं तर हे आकडे शून्याच्या जवळ असते. घासलंय किंवा कार्बनने खाचेत जाम झालंय किंवा त्याची स्प्रिंग बसलीये. पुढचा रोटर सरसकट थोडा खाली आहे, ती सगळीकडची झीज. (दुसऱ्या कुणाला टेस्ट करायची असेल तर साध्या पिस्टनवाल्या गेजवर भरवसा ठेवू नका, तो तिघांतला सगळ्यात मोठा आकडा धरून बसतो आणि मेलेली बाजू लपून राहते. प्लग काढून सेल्फ मारला की फस-फस-फस असा एकसारखा आवाज यायला हवा, एक फस दबकी आली तरी कानाला कळतं.)

आता मुद्द्याचं. पिस्टन इंजिनात सिलिंडर खराब झाला तर बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकतो, रोटरीत ती सोय नाही. ओव्हरसाइज रोटर असा प्रकारच नसतो. रोटर हाउसिंग, म्हणजे रोटरभोवतीचं कवच, ॲल्युमिनियमचं, आत क्रोमचा थर, आणि त्याच थरावर एपेक्स सील घासत जातं. तो थर कडेला किंवा प्लगच्या भोकापाशी सुटायला लागला की ते हाउसिंग बाद धर. काहीजण परत कोटिंग करून देतात, पण ते काम चांगलं झालंय की नाही हे गाडी हजारो किलोमीटर पळाल्यावरच कळतं. म्हणजे रिमॅन की कस्टम हा प्रश्न खरं तर 'माझी हाउसिंग वापरण्यालायक आहेत का' इथे येऊन थांबतो. हाउसिंग चांगली असतील तर आपलंच इंजिन बांधून घेण्यासारखं सुख नाही. ती गेली असतील तर नवीन हाउसिंग घालून कस्टम बांधणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड, मग रिमॅनच बरं.

रिमॅनमध्ये काय होतं तर परत आलेली जुनी इंजिनं खोलून धुवून तपासतात, जे भाग मर्यादेत बसतात ते ठेवतात आणि सीलं, ओ-रिंग नवीन घालतात. ठरलेली पद्धत, ठरलेली मापं. पण 'मर्यादेत' हा शब्द नीट ऐक. साइड हाउसिंगवर ०.१० मिमीपर्यंत झिजेची पायरी चालते असं मॅन्युअल म्हणतं. एकात ०.०२ असेल, एकात ०.०९, दोन्ही पासच, आणि तुझ्या पेटीत कुठलं आलंय हे तुला कधीच कळणार नाही.

कस्टमवाल्याकडून हेच कळून घेता येतं, आणि तो जास्तीचे पैसे घेतो ते याचेच. साइड सील आणि त्याच्या टोकाचं कॉर्नर सील यांच्यामधली फट नवीन बांधताना ०.०५ ते ०.१५ मिमी ठेवायची असते. दोन रोटर, प्रत्येकी तीन बाजू, दोन्ही अंगांना, म्हणजे १२ साइड सीलं, आणि प्रत्येक सील आपापल्या खाचेत बसवून फीलर गेज घालून बघायचं, टोक जरासं घासायचं, परत बसवायचं, परत बघायचं. मी एका सीलला कधी कधी अर्धा तास घालवतो. ०.०५ च्या आसपास घट्ट धरलं तर गरम इंजिनाचं कॉम्प्रेशन टिकतं, आणि तुझी गाडी नेमकी गरम असतानाच उठत नाहीये. शेवटी सगळं जुळवल्यावर एक्सेंट्रिक शाफ्टचा (इंजिनाच्या मुख्य दांड्याचा) एंड प्ले, म्हणजे पुढे-मागे सरकणं, डायल गेजने बघायचा, ०.०४ ते ०.०७ मिमी, बाहेर गेला तर स्पेसर बदलून परत.

तर त्या बिल्डरला एवढंच विचार : ही सगळी मापं लिहून देशील का? जो बांधतानाच लिहितो त्याला कागद द्यायला काहीच अडचण नसते. आणि जो म्हणतो 'माझ्यावर सोड, काळजी करू नको', त्याच्याकडे इंजिन सोडू नकोस.

साइडसील

पोर्टिंगबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. नको करूस. माझदाच्या जुन्या १३बी रोटरी इंजिनाला एक्झॉस्टचं तोंड रोटर हाउसिंगवर होतं, इनटेक आणि एक्झॉस्ट थोडा वेळ एकदम उघडे राहायचे, तिथे पोर्टिंगचा खेळ वेगळा. रेनेसिसमध्ये तोंड साइडला नेऊन तो ओव्हरलॅपच काढून टाकलाय, त्यानेच आयडल शांत झालं आणि धूर स्वच्छ झाला. ब्रिज पोर्ट (इनटेकला जास्तीचं तोंड) पाडून तोच ओव्हरलॅप परत आणायचा, वर टर्बो नाही, रोजच्या गाडीत त्यातून हाती काय लागणार? आयडल डचमळणार आणि पेट्रोल वाढणार. कास्टिंगच्या खरबरीत कडा गुळगुळीत करून घे हवं तर, त्यापुढे ग्राइंडर लावू देऊ नको.

आणि सिरॅमिक एपेक्स सीलच्या मागे लागू नकोस. १९९१ ला माझदाच्या ७८७बी ने ल मां ची शर्यत जिंकली तेव्हा त्या चार रोटरच्या इंजिनात सिरॅमिक सीलं होती हे खरं, पण ते शर्यतीचं इंजिन, रोज सकाळी थंडं उठून गल्लीतून बाहेर पडणारं नाही. कडक सील हाउसिंगला ओरखडे पाडतं, मऊ सील स्वतः झिजतं. रस्त्याच्या गाडीला कंपनीचंच सील घाल.

घरचं_गॅरेज

मोजपट्टी दादांचं सगळं पटतं पण एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. आधी इंजिन खोलून बघू, हाउसिंग खराब निघाली तर रिमॅन घेऊ, असं वाटत असेल तर थांब. रिमॅनवाले जुनं इंजिन परत घेताना बहुतेक वेळा ते न खोललेलं, सगळे भाग जागच्या जागी असलेलं मागतात. सुटे तुकडे खोक्यात भरून नेलेस तर कोअरचे (जुन्या इंजिनापोटी ठेवलेले) पैसे परत मिळणार नाहीत असं होऊ शकतं. माझ्या बहिणीच्या गाडीच्या वेळी आम्ही हेच करून बसलो, इंजिन टेबलावर पसरलेलं आणि फोनवर पलीकडचा माणूस सांगतोय की असं आम्ही घेत नाही. त्याचं म्हणणं करारात लिहिलेलंच होतं, आम्ही वाचलं नव्हतं. लेखी विचारून घे.

दुसरं, वॉरंटीत इंजिन बदलून देणार म्हणजे नक्की काय? फक्त इंजिन, की काढा-घालायची मजुरी पण? रोटरीत इंजिन उतरवायचं कामच मोठं असतं. बिल्डर जवळ असेल आणि मजुरीसकट हमी देत असेल तर ती एक वर्षाच्या छापील कागदापेक्षा कधी कधी वजनदार.

मी स्वतः काय करेन? रोज लागणारी एकच गाडी असेल तर रिमॅन. दुसरी गाडी दारात असेल आणि आठ आठवडे काढता येत असतील तर बांधून घेईन.

रोटरीवेडा

ताई, खूप उपकार झाले, मी अगदी हेच करणार होतो, खोलून बघू आणि मग ठरवू. रिमॅनवाल्यांना विचारलं, तुम्ही म्हणालात तसंच, खोललेलं इंजिन चालत नाही.

बिल्डरला मापांचं विचारलं. तो क्षणभर गप्प बसला, मला वाटलं चिडला, मग कपाटातून एक वही काढली आणि आधीच्या इंजिनांची पानं दाखवली, तेलाच्या बोटांचे डाग पडलेली, प्रत्येक सीलसमोर पेन्सिलने आकडा. तुझ्या इंजिनाच्या पानाचा फोटो देईन म्हणाला.

दुसरी गाडी घरी आहे, त्यामुळे वेळेचं टेन्शन नाही. पण न खोलता हाउसिंग कशी आहेत ते कसं कळणार?

मोजपट्टी

वही ठेवतो म्हणजे अर्धी काळजी मिटली.

न खोलता बघायचं तर प्लगच्या भोकातून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घाल. इंजिन पूर्ण गार होऊ दे, चारही प्लग काढ, एकाने पुढची पुली पान्याने हळूहळू फिरवायची आणि दुसऱ्याने कॅमेरा धरायचा. शाफ्टच्या तीन फेऱ्यांना रोटरची एकच फेरी होते, तेव्हा घाई करू नका, भरपूर फिरवावं लागतं. सगळा पृष्ठभाग दिसणार नाही, भोकाच्या आजूबाजूचाच दिसेल, पण तीच जागा सगळ्यात आधी खराब होते. क्रोम आरशासारखा गुळगुळीत हवा. सीलच्या फिरण्याच्या दिशेने बारीक रेघा असतील तर घाबरू नको. कडेला साल निघाल्यासारखे पॅच दिसले किंवा दिशेला आडव्या एकसारख्या लाटा दिसल्या तर वाईट. त्या लाटा या इंजिनाचं सगळ्यात जुनं दुखणं, १९६७ च्या कॉस्मो या पहिल्या रोटरी गाडीआधी माझदाच्या इंजिनिअरांनी त्यांना सैतानाची नखं असं नाव दिलं होतं आणि सीलचं मटेरियल बदलत बदलत कार्बनवर आले तेव्हा कुठे त्या थांबल्या.

फोटो टाक इथे.

रोटरीवेडा (चार दिवसांनी)

बघितलं. पुढचं हाउसिंग चकचकीत, माझाच कॅमेरा त्यात दिसत होता. मागच्यात खालच्या प्लगपाशी कडेला नखाएवढी साल निघालीये, फोटो वर टाकलाय. लाटा नाहीत.

तेल_आणि_ग्रीस

मागचं बाद. पण एकच आहे. एक नवीन हाउसिंग परवडतं, दोन असती तर मी रिमॅन म्हटलं असतं.

मोजपट्टी

सहमत. एक नवीन हाउसिंग धरून बिल्डरकडून खर्चाची वरची हद्द लिहून घे, आणि त्यात साइड हाउसिंग खराब निघाली तर काय हेही आत्ताच बोलून ठेव. लॅपिंग (घासून सपाट करणं) करू म्हणाला तर लगेच विचार की वरचा नायट्राइडचा कडक थर किती उरेल आणि परत नायट्राइडिंग होणार आहे का. नुसतं घासून सपाट केलेलं सुरुवातीला छान चालतं आणि मग भराभर झिजतं. शक्यतो झीज कमी असलेलीच वापरायची.

रोटरीवेडा (सात आठवड्यांनी)

उशीर झाला, माफ करा. कस्टमच केलं.

खोलताना मला बोलावलं होतं. लांब टेन्शन बोल्ट काढून हाउसिंग एकेक करून उचलली, मागच्या रोटरचं ते एपेक्स सील खाचेत कार्बनने इतकं जाम होतं की बोटाने दाबलं तर हललंसुद्धा नाही, बाकीची दोन दाबली की स्प्रिंगवर उसळायची. मोजपट्टी दादा, तुमचा अंदाज तंतोतंत. एक्झॉस्टच्या तोंडांपाशी पण काजळी जमली होती, तो म्हणाला आधीच्या मालकाने गाडी जवळजवळच्या कामांनाच वापरली असणार, कधी नीट तापलीच नाही. साइड हाउसिंगची झीज जास्तीत जास्त ०.०४ निघाली, म्हणून लॅपिंग नाही. मागचं रोटर हाउसिंग नवीन. पोर्टिंग नाही, कडा फक्त साफ केल्या. कॉइल, वायरी, प्लग, कॅट, थर्मोस्टॅट नवीन, सीलांना तेल देणारा मीटरिंग पंप तपासला, तेल फवारणाऱ्या नोझलांपैकी एक अर्धवट तुंबलेली होती ती बदलली. पेट्रोल भरताना लिटरमागे ५ मिलीच्या आसपास टू-स्ट्रोक ऑइल मिसळायला सांगितलंय, २००९ च्या मॉडेलपासून कंपनीनेच प्रत्येक रोटरला तिसरी नोझल वाढवली, आपल्याला ती नाही म्हणून. पहिले १५०० किलोमीटर ४००० च्या वर जायचं नाही.

वहीच्या पानाचा फोटो टाकतोय. एंड प्ले ०.०५. साइड सीलं बघा, अकरांसमोर ०.०५ किंवा ०.०६ आहे आणि बाराव्यासमोर ०.०९ लिहून खोडलंय. मी म्हटलं ०.१५ पर्यंत चालतं ना, मग? तर म्हणाला चालतं, पण बाकी अकरांच्या शेजारी ते बसवायला माझं मन होत नाही, आणि नवीन सील घेऊन परत घासायला बसला. खोडलेल्याच्या पुढे ०.०५ आहे ते त्यानंतरचं.

काल गरम करून, बंद करून, पाच मिनिटांनी सेल्फ मारला. दोन सेकंदांत उठली.